कारहुणवीचं इंजिन

बैल रंगवणं हे महांतेशच्या मते अगदी किरकोळ काम होतं.

"दोन बाजू, एक पुढा आणि एक मागा," तो बायकोला समजावून सांगत होता. "इंजिनाला खिडक्या असतात, दारं असतात, जाळ्या असतात. बैलाला काय असतंय? तुझ्या अप्पाला म्हणावं, निवांत बसा."

तेजश्रीनं कपाळाला हात लावला नाही, कारण हाताला कणीक होती. "म्हणते मी अप्पाला," ती म्हणाली. "पण तिथं इंजिनाचं नाव काढायचं न्हाई. एवढं एक पाळा, मग म्हणाल ते करून घालते."

महांतेशनं शब्द दिला. आणि खरं सांगायचं तर त्यानं तो पाळलाही. दिवसभरात सासऱ्यापुढे त्यानं इंजिनाचं नाव एकदासुद्धा काढलं नाही. जे केलं ते नाव न काढता केलं, आणि तेच जास्त महागात पडलं.

महांतेश बिदरला नौबादमध्ये राहतो. एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून तपासायचं काम करतो. सुई टोचताना पेशंटनं तोंड वाकडं केलं तर "इंजिन बघा, इंजिन" म्हणून भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवतो. पेशंट बघतो, रक्त निघतं, आणि मग त्या बिचाऱ्याला इंजिनाबद्दल ऐकूनच उठावं लागतं. त्याला रेल्वेनं प्रवास करायची फारशी हौस नाही. त्याला रेल्वे बघायची हौस आहे. त्यातही प्रवासी गाड्या नकोत, मालगाड्या हव्यात. आणि मालगाडीला डिझेल इंजिन असेल तर मग त्याला बायको, भाकरी, नोकरी यांतलं काहीच आठवत नाही.

खुद्द लग्नाच्या दिवशी असंच झालं होतं. अक्षता पडल्या होत्या, पंगत बसली होती, सासरे गुंडाप्पा स्वतः जावयाच्या ताटात तूप वाढत होते. तेवढ्यात शिवारापलीकडून मालगाडीचा भोंगा ऐकू आला. नवरदेव मुंडावळ्यांसकट उठला आणि रुळांच्या दिशेनं धावत सुटला. वऱ्हाडाला वाटलं, पोरगं लग्नाला घाबरून पळालं. दोन मामा त्याला धरायला मागं धावले. तुपाची वाटी हातात धरून गुंडाप्पा तसेच उभे राहिले.

त्या दिवसापासून गुंडाप्पा जावयाशी थेट बोलत नसत. जावई समोर बसलेला असला तरी म्हणत, "तेजश्री, त्यांना चा पायजे का ईचार." तेजश्री विचारायची, महांतेश हो म्हणायचा, आणि तेजश्री "व्हय म्हणतेत" असं वडिलांना कळवायची. एकाच बाजेवर बसलेल्या दोन माणसांत हा असा कारभार लग्नापासून चालला होता. महांतेशला याचं मनापासून वाईट वाटायचं. सासऱ्यानं एकदा तरी आपल्याकडे तोंड करून चार शब्द बोलावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

ती संधी यंदा कारहुणवीला चालून आली.

कारहुणवी म्हणजे ज्येष्ठातली पुनव. खटकचिंचोळीच्या पलीकडच्या गुंडाप्पांच्या खेड्यात ती दिवाळीपेक्षा मोठी. बैल न्हाऊ घालतात, रंगवतात, पुरणाची पोळी चारतात आणि दिवस कलताना वेशीकडे पळवतात. वेशीत कडुलिंबाच्या डहाळ्यांचं तोरण बांधलेलं असतं, त्याला कर म्हणतात. जो बैल पहिला येऊन कर तोडेल त्याच्या रंगावरून गावाचं वर्ष ठरतं. पांढऱ्या बैलानं तोडली तर पांढरं पीक जोरात, म्हणजे ज्वारी आणि कापूस. तांबड्या-काळ्यानं तोडली तर तूर आणि उडीद. सोयाबीन कुठल्या रंगात धरायचं यावर गावात अजून एकमत नाही, आणि ते होईल अशी चिन्हंही नाहीत.

गेली कित्येक वर्षं कर तोडायचा तो अमृतप्पाचा लाल्या. रक्तासारखा लाल, कंधारी जातीचा, मानेनं आडदांड बैल. दर वर्षी तांबडं पीक जाहीर व्हायचं, आणि दर वर्षी अमृतप्पा गुंडाप्पांच्या दारावरून मुद्दाम हलगी वाजवत जायचा. गुंडाप्पांचा चांद्या देवणी, पांढराशुभ्र, चेहऱ्यानं गरीब. तो दर वर्षी दुसरा यायचा. आता चांद्याचं वय झालं होतं. पुढच्या वर्षी त्याला पळवायचं नाही असं गुंडाप्पांनी ठरवून टाकलं होतं, म्हणजे ही शेवटची कर होती. आणि नेमके महिन्याआधी गुंडाप्पा बांधावरून घसरून पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आता बैल रंगवायचा कुणी आणि कासरा धरून पळायचं कुणी? घरात मुलगा नाही. राहिला जावई.

"त्यांना जमंल का ईचार," गुंडाप्पा फोनवर मुलीला म्हणाले. त्या आवाजात जमणार नाही याची खात्री होती. पण दुसरा माणूस नव्हता.

इथपर्यंत सगळं नीट होतं. घात केला तो प्रेमानंदच्या फोननं.

प्रेमानंद भालकीला बँकेत आहे आणि महांतेशसारखाच इंजिनवेडा आहे. तिसरी त्यांची संध्या, कलबुर्गीला कॉलेजात शिकवते. या तिघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर गेली दोन वर्षं एकच भांडण चालू आहे. भांडणाचा विषय म्हणजे एक म्हातारं डिझेल इंजिन. आयुष्यभर दगड, सिमेंट, कोळसा ओढून ते भंगारात जायच्या वाटेवर होतं. रेल्वेनं त्याला कारखान्यात नेलं, सांगाडा तोच ठेवला, आतलं यंत्र बदललं, नवी केबिन बसवली आणि नवा रंग दिला. खाली गडद निळा, वर दुधावरच्या सायीसारखा, आणि मधून एक लाल पट्टा. त्या नव्या रूपाचा पहिला फोटो आला तेव्हा महांतेश लॅबमध्ये होता. त्यानं तो बघितला आणि सुई धरलेला हात तसाच हवेत राहिला. पेशंटनंच शेवटी विचारलं, "साहेब, काय वाईट बातमी हाय का?"

वाईट कसली? इतकं देखणं काही त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

"सांगाडा जुना म्हंजे इंजिन जुनंच," प्रेमानंदचं म्हणणं. "वरून काय बी थापा. आमच्या मावशीनं केसाला कलप लावला म्हणून ती काय माझी भाची झाली का?"

"रंग म्हंजे थापणं न्हाई, रंग म्हंजे ओळख," महांतेशचं म्हणणं. "रंग बदलला की इंजिन बदललं. विषय संपला."

"दोघं बी चुकायलाव," संध्याचं म्हणणं. "आतली मशीन बघायची असती. बाकी सगळं टरफल."

विषय अर्थातच संपत नसे. तर या प्रेमानंदचा कारहुणवीच्या आदल्या दिवशी फोन आला. "महांतेशा, बस खाली. आपलं इंजिन उद्या मालगाडी घेऊन कलबुर्गीकडून बिदरला यायलंय. दुपारनंतर कवा बी. तुझ्या सासऱ्याच्या गावावरनंच जाणार."

महांतेश खरंच खाली बसला. रूळ गावाच्या वेशीसमोरूनच जातात. वेशीकडे पळणारा बैल आणि मागून जाणारं इंजिन, दोन्ही एका फोटोत येणार. आणि बैल जर इंजिनाच्याच रंगात असेल तर? असा फोटो देशात कुणाकडे नसेल. प्रेमानंद आणि संध्याला त्यानं लगेच गावी यायचं आवतण दिलं. माणसाच्या डोक्यात एकदा अशी कल्पना शिरली की तिथं सासऱ्याला जागा उरत नाही.

कारहुणवीला सकाळी गुंडाप्पा हात दाखवायला आणि चांद्यासाठी नवी घुंगरमाळ आणायला खटकचिंचोळीला गेले. तेजश्री पुरणात अडकली होती. गोठ्यात महांतेश, चांद्या आणि चार बादल्या एवढेच उरले. जनावराला बाधेल असं त्यानं काही वापरलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. धुण्याची नीळ, गेरू, आणि तांदळाच्या पिठात कालवलेली हळद. वरचा सायीचा रंग तर जवळजवळ चांद्याचा स्वतःचाच होता, थोडा हात फिरवला की झालं. चांद्या रवंथ करत शांत उभा होता. आपलं काय होतंय याची त्याला कल्पना नव्हती, आणि असती तरी त्यानं काही म्हटलं नसतं. तो बैलच तसा होता.

दुपारी प्रेमानंद आणि संध्या आले, तेव्हा काम संपत आलं होतं. दोघं गोठ्याच्या दारात थबकले.

पोटाखाली गडद निळा, पाठीवर साय, आणि खांद्यापासून शेपटीपर्यंत फूटपट्टीनं आखल्यासारखा लाल पट्टा. बरगड्यांवर इंजिनाचा नंबर. कपाळावर हेडलाइटचे दोन गोल. गोठ्याच्या अंधारात तो निळा नुसता चमकत होता.

"लई म्हंजे लईच," प्रेमानंद म्हणाला. हा माणूस त्या रंगाला दोन वर्षं नावं ठेवत होता. मग त्याला आपलं मत आठवलं आणि तो मागं जाऊन चुका शोधू लागला. "इथं ढुंगणावर फुली कामून मारलास? फुली गाडीच्या शेवटच्या डब्याला असती, इंजिनाला न्हाई."

"अरे, एकटंच इंजिन चाललंय असं समज की."

"तरी बी फुली चूक हाय."

संध्या पुढून बघत होती. "आणि हे छातीवर काय काढलायस?"

"जाळी. रुळावर जनावर आलं तर बाजूला ढकलायची, इंजिनापुढं असती ती."

संध्यानं चांद्याकडे बघितलं, चांद्यानं तिच्याकडे. "महांतेश," ती म्हणाली, "हे स्वतःच जनावर हाय रे."

यावर तिघांची चर्चा रंगात आली असतानाच मागून घुंगरांचा आवाज आला. गुंडाप्पा नवी माळ घेऊन दारात उभे होते. त्यांच्यामागं तेजश्री. तिनं बैलाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तो हसू दाबायला होता की रडू, हे महांतेशला कळलं नाही.

गुंडाप्पांनी माळ तेजश्रीच्या हातात दिली. त्यांनी चांद्याभोवती एक फेरी मारली. लाल पट्ट्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. मागं जाऊन फुली बघितली. मग बाजेवर जाऊन बसले आणि बैलाकडे टक लावून बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं महांतेशला वाटलं. शिव्या निदान थेट तरी द्याव्या लागतात.

"मामा, धुऊन टाकू का?" त्यानं चाचरत विचारलं.

तेवढ्यात वेशीकडून हलगी वाजायला लागली. धुवायला वेळच उरला नव्हता. "तेजश्री, त्यांना म्हणावं, चला," गुंडाप्पा उठत म्हणाले.

चांद्या गल्लीतून निघाला तेव्हा आधी पोरं ओरडली, मग बाया दारात आल्या. हलगीवाल्याचा हात थांबला. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. वेशीपाशी अमृतप्पा मिशीवर पीळ देत उभा होता, त्याची बोटं मिशीतच राहिली. लाल्याला त्यानं परंपरेप्रमाणं झूल घातली होती, बाशिंग बांधलं होतं. पण त्याच्याकडे आता कोण बघतो?

"हे काय सोंग हाय, गुंडाप्पा अण्णा?" अमृतप्पानं विचारलं.

"बैल हाय," गुंडाप्पा म्हणाले.

बैल लांब माळावर नेऊन उभे केले. प्रेमानंद आणि संध्या कॅमेरे घेऊन वेशीशेजारच्या ढेलजेच्या कट्ट्यावर चढले. महांतेशनं कासरा हाताला गुंडाळला. त्याला धावायची सवय नव्हती. लॅबमध्ये तो एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जायचा, तेवढाच त्याचा व्यायाम. पण त्याचं लक्ष पायांकडे नव्हतंच, ते सगळं रुळांकडे होतं. रुळांवर काहीच नव्हतं. मालगाडीला वेळापत्रक नसतं, तिच्यासाठी इच्छा असून चालत नाही, पुण्याई लागते.

गावातले वडीलधारे प्रभुलिंग अप्पा यांनी रुमाल हलवला आणि बैल सुटले.

पहिल्या पन्नास पावलांतच लाल्या पुढं गेला. चांद्या जीव तोडून पळत होता, पण त्याच्यामागं कासऱ्याला लोंबकळत जावई होता, आणि तो ओझं म्हणून कमी नव्हता. "पळा हो, पळा," तेजश्री ओरडत होती. गुंडाप्पांचा प्लास्टरमधला हात आपोआप वर गेला होता. चांद्याची शेवटची कर त्यांच्या डोळ्यांदेखत निसटत चालली होती आणि ती जावयामुळं निसटत होती.

आणि तेव्हाच भोंगा वाजला.

वळणावरून इंजिन आलं. निळं, सायीचं, मधून लाल. मागं डब्यांची न संपणारी रांग. कलत्या उन्हात त्याच्या अंगावरचा रंग असा उजळला होता की जणू आत्ताच न्हाऊन आलंय. जमीन पायाखाली थरथरत होती. महांतेशच्या अंगावर काटा आला. फोटो बघणं वेगळं आणि हे वेगळं. हेच का ते भंगारात निघालेलं? डोळ्यांत पाणी आलं, पाय आपोआप थांबले, मान रुळांकडे वळली. आणि त्याच्या हातांनी, त्याला न विचारता, कासरा सोडून दिला.

इकडे लाल्यानं ऐन वेशीच्या तोंडाशी भोंगा ऐकला, बिचकला आणि अमृतप्पाच्या पोराला ओढत भलत्याच दिशेला, थेट उकिरड्यात घुसला. चांद्याचं मात्र उभं आयुष्य रुळांशेजारच्या वावरात गेलेलं. भोंगा त्याला रोजचाच. उलट मागचं ओझं अचानक गळाल्यानं तो हलका झाला आणि असा काही सुटला की म्हाताऱ्या बैलात एवढं पळणं शिल्लक होतं यावर कुणाचा विश्वास बसेना. वर रुळांवर इंजिन, खाली माळावर बैल, दोन्ही एकाच रंगाचे, शेजारी शेजारी पळत होते.

वेशीत ठप्प आवाज झाला. तोरण तुटलं आणि डहाळ्या चांद्याच्या शिंगांवर लटकल्या.

पुढचा सिग्नल मिळाला नाही म्हणून इंजिनही वेशीसमोर येऊन थांबलं. खिडकीतून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. खाली आपलंच इंजिन चार पायांवर धापा टाकत उभं आहे, हे बघून त्यानं डोळे चोळले. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या मदतनिसानं मोबाइल काढला आणि इंजिनातून बैलाचे फोटो घेऊ लागला. सगळं गाव इंजिनाकडे बघत होतं आणि इंजिन बैलाकडे. मग सिग्नल पडला, ड्रायव्हरनं एक लांबच लांब भोंगा दिला, अगदी सलामी दिल्यासारखा, आणि गाडी हलली. शेवटचा डबा जाईपर्यंत माणसं उभीच होती.

"फोटो," महांतेश भानावर येऊन ओरडला. "प्रेमानंद, काढलास न्हवं?"

प्रेमानंदचा कॅमेरा छातीवर लोंबत होता आणि तोंड उघडं होतं. संध्यानं कॅमेरा डोळ्याला लावला होता, पण बोट दाबायचं ती विसरली होती. "काढायचं कुठं सुचतंय रे," ती म्हणाली, आणि तिच्यावर रागवायची महांतेशला इच्छाच झाली नाही.

खरी गंमत यापुढं सुरू झाली.

अमृतप्पा उकिरड्यातून लाल्याला ओढत घेऊन आला. "ही कर धरायची न्हाई," तो म्हणाला. "बैलासंगं माणूस कुठं हुता? जावयानं कासरा सोडला."

"कर बैलानं तोडायची असती, जावयानं न्हाई," प्रभुलिंग अप्पा म्हणाले. लोक हसले. गुंडाप्पांचा चेहरा खुलला.

"बरं, तसं म्हणा. मग रंग कंचा धरायलाव?" अमृतप्पानं चांद्याकडे बोट केलं. "निळं पीक गावात कुणी पेरतंय का? रंगच सांगता येईना तर ती कर कसली? परत पळवा."

चांद्याच्या तोंडाला फेस आला होता, पाय थरथरत होते. तो परत पळणं शक्यच नव्हतं, आणि हे गुंडाप्पांना सगळ्यांत जास्त माहीत होतं.

"अरे, बैल पांढराच हाय की. साऱ्या गावाला ठाव हाय," कुणीतरी म्हणालं.

"ठाव असून उपेग न्हाई," अमृतप्पा म्हणाला. "माझ्या आज्याचा बैल पांढरा हुता. चिखलात लोळून आला म्हणून तुमीच काळा धरलाव. वेशीत दिसंल तसा धरायचा, ही रीत हाय."

ते खरंच होतं. प्रभुलिंग अप्पांनी डोकं खाजवलं. रीत मोडता येईना आणि निळं पीकही जाहीर करता येईना. त्यांची नजर शहरातून आलेल्या पाहुण्यांवर गेली. "तुमी शिकलेली माणसं. तुमाला काय वाटतंय?"

असं कुणी विचारायचीच खोटी होती. "सांगाडा बघायचा असतोय, अप्पा," प्रेमानंद ढेलजेवरून खाली उडी मारत म्हणाला. "वरचा रंग काय खरा नस्तोय."

"सांगाड्याचा काय संबंध?" संध्या म्हणाली. "आत काय हाय ते म्हत्त्वाचं."

"म्हंजे बैल फाडून बघायचा का, अक्का?" अमृतप्पानं विचारलं.

मग दोघं एकमेकांत भांडू लागले. चांद्या, मावशीचा कलप, नवी केबिन, जुनी चाकं, सगळं त्यात आलं. गावकरी भोवती रिंगण करून ऐकत बसले. त्यांना कशाचाच पत्ता लागत नव्हता, पण भांडण दर्जेदार आहे एवढं कळत होतं. शेवटी प्रभुलिंग अप्पांनी हात वर केला.

"पुरं झालं. ज्यानं रंगवला त्यानंच सांगावं. त्याचा शबुद अखेरचा. जावईबापू, पुढं या. तुमी इंजिनाची माणसं, रंगातलं तुमाला कळतंय म्हणं. रंग दिला की वस्तू बदलती का तीच ऱ्हाती? हा बैल कंच्या रंगाचा?"

महांतेश पुढं आला. समोर प्रेमानंद उभा होता आणि त्यानं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं होतं. दोन वर्षं रात्रंदिवस महांतेशनं ज्याच्याशी भांडून सांगितलं होतं की रंग म्हणजेच ओळख, तोच हा प्रेमानंद. एका बाजूला चांद्या, आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम. थोड्या वेळापूर्वी खुद्द ड्रायव्हरनं टोपी काढून त्याला मान दिला होता. आणि दुसऱ्या बाजूला गुंडाप्पा, प्लास्टरचा हात छातीशी धरून, जमिनीकडे बघत. जावई काय बोलणार याची त्यांना भीती वाटत होती, हे महांतेशला स्पष्ट दिसलं.

त्याला फार वाईट वाटलं.

"पांढरा," तो म्हणाला. "बैल पांढरा हाय. रंग काय, वरवरचा असतोय. पाणी मारलं की गेला. सांगाडा तोच, म्हंजे बैल तोच."

प्रेमानंदनं मोबाइल खाली केला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं होतं की ते बघवत नव्हतं.

"पांढरी कर," प्रभुलिंग अप्पांनी जाहीर केलं. "यंदा ज्वारी आन कापूस." हलगी वाजू लागली. गुलाल उडाला. अमृतप्पा काही तरी पुटपुटला, पण गावानं चांद्याला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तेजश्री गर्दीतून वाट काढत आली आणि चारचौघांत नवऱ्याचा हात धरून उभी राहिली.

मिरवणूक दारात आली तेव्हा गुंडाप्पांनी स्वतः चांद्याच्या तोंडात पोळी दिली. मग ते बाजेवर बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बसा," ते म्हणाले.

महांतेशनं इकडे तिकडे बघितलं. तेजश्री आत पाणी आणायला गेली होती. दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ते त्यालाच म्हणाले होते. तो बसला. आपण आपला धर्म बुडवला, पण सासरा मिळाला. सौदा वाईट नव्हता.

गुंडाप्पांची नजर चांद्यावर होती. घामानं रंग ओघळायला लागला होता, तरी निळा अजून निळा होता.

"पुढल्या साली चांद्या पळायचा न्हाई, नुसता मिरवायचा," ते म्हणाले. "पण रंगवायचं तुमीच."

"व्हय मामा. असंच रंगवतो. ह्याच्यापेक्षा झकास."

"असंच नको." गुंडाप्पांनी मान हलवली. "दुपारपासनं तेच बघायलोय मी. समदं ब्येस हाय, पर कायतरी खटकायलंय. आता ध्यानात आलं. लाइनीवर खांब रोवायलेत बघा, वायरी वडायलेत. विजेचं इंजिन येणार म्हणं. पुढल्या साली विजेच्या इंजिनागत रंगवा."

डिझेलच्या भक्तापुढं विजेच्या इंजिनाचं कौतुक म्हणजे पैलवानापुढं त्याला पाडणाऱ्याचं कौतुक. याच विजेपायी एकेक डिझेल इंजिन भंगारात चाललं होतं. ग्रुपवर हे वाक्य कुणी लिहिलं असतं तर महांतेशनं त्याला तिथल्या तिथं काढून टाकलं असतं.

"विजेचं कामून, मामा?" त्यानं कसंबसं विचारलं.

गुंडाप्पांनी चांद्याच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "विजेच्या इंजिनाला वर काय तरी असतंय न्हवं, वायरीला टेकवायला? तसली शिंगं हायत की आपल्याला. डिझेलला शिंगाचा काय उपेग, सांगा?"

महांतेशनं शिंगांकडे बघितलं. डोकं खाजवलं. दोन वर्षांच्या भांडणात इतका बिनतोड मुद्दा कुणी मांडला नव्हता.

"व्हय मामा," तो म्हणाला.